मधला कप्पा

३ फेब्रुवारी, सोमवार

या घरात येऊन आज आठ दिवस झाले, आणि अजून माझा सदरा कुठे आहे हे मला दुसऱ्याला विचारावं लागतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने रोज सकाळी टॉवेल गुंडाळून खोलीच्या मध्यभागी उभं राहायचं आणि आपल्याच सदऱ्याचा पत्ता शोधत फिरायचं. याला घर म्हणत नाहीत, याला धर्मशाळा म्हणतात.

दोष कुणाचा, तर आमच्या कन्यारत्नाचा. जुन्या घराचे जिने आता तुम्हा दोघांना झेपत नाहीत, असा निकाल तिने दिला. ती दातांची डॉक्टर आहे, गुडघ्यांचं तिला काय कळतं? तळमजल्यावरच्या या दोन खोल्या तिनेच शोधल्या. झोपायच्या खोलीत भिंतीत एक कपाट आहे. कपाट कसलं, भिंतीला आलेली जांभई. रुंदी तीन फूट दोन इंच, खोली दीड फूट, उंची मात्र छतापर्यंत. त्यात दोन माणसांची मिळून जवळजवळ दीडशे वर्षं बसवायची आहेत.

मी आज ठरवलं की हे काम मी हातात घेणार. एकेचाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ उभी करायची, आणि तीही उलटी. जागा म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. अक्षरांच्या पेटीचा एकच कायदा असतो. ज्या अक्षराला हात जास्त वेळा जातो, त्याचा खण हाताजवळ आणि मोठा. काना, र, त हे मध्यभागी. ङ बिचारा वरच्या कोपऱ्यात, मला तो आयुष्यात मोजून दहा-बारा वेळा लागला असेल. त्यात कुणाचा मान नाही, अपमान नाही. कपाटालाही हाच कायदा लागू करायचा.

हिला सांगितलं. ही म्हणजे माझी बायको. त्रेचाळीस वर्षं संसार झाला, पण कुठलीही योजना सांगितली की हिचा चेहरा भिंतीसारखा होतो. सगळं ऐकून म्हणाली, "मला एक कप्पा पुरे. फक्त मधला द्या, हाताला येईल असा."

बघा. कायदा समजावून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर वशिला सुरू.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुतार आला. कानामागे पेन्सिल, तोंडात एकच शब्द, 'होईल'. मी रात्री आखलेला नकाशा त्याच्यापुढे धरला. खाली चपला आणि पेटी. त्यावर माझे कपडे. मधला कप्पा, म्हणजे बरोबर छातीच्या उंचीचा, माझ्या पुस्तकांना. त्याच्यावर अंथरुणं. अगदी वर, माळ्यासारखा, कधीतरी लागणाऱ्या वस्तूंचा.

पुस्तकं म्हणजे माझी एकतीस वाचनमाला. शाळेची वाचनपुस्तकं, दर वर्षीचा एकेक भाग, सगळी माझ्या हातची. त्यांतली एकेक कविता मी मात्रेमात्रेने उभी केली आहे. अजून डोळे मिटले की तो शिशाचा थंड स्पर्श बोटांना होतो आणि ओळ चालू लागते,

मुंगी निघाली दाणा घेऊन,
वाट विचारे कुणा न भिऊन.

दुसरीच्या वर्गात आम्ही चाळीस जण बाकावर हात आपटून हे म्हणत असू. मास्तर खिडकीशी उभे राहून बाहेर बघत. त्यांच्या डोळ्यांत पाणी का येई, ते मला आज कळतं. आजच्या पोरांना ते कळायचं नाही.

हे सगळं मी सुताराला सांगत होतो. तो मापं घेता घेता म्हणाला, "आजोबा, कपाट केवढं आणि भाषण केवढं." ही स्वयंपाकघरात होती. हसल्याचा आवाज आला. मी लक्ष दिलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

लेक आली होती. कपाटाचा नवा सांगाडा बघून म्हणाली, "बाबा, आईचे कपडे कुठे जाणार?"

मी म्हटलं, तेच तर ठरवायचं आहे, आणि ते मी ठरवणार नाही, कायदा ठरवेल. कपाटाच्या दाराला आतून एक मोठा कागद चिकटवला. डावीकडे वस्तूंची नावं, सुंदर अक्षरात. वस्तू काढली की नावासमोर एक रेघ मारायची. तीन आठवड्यांनी रेघा मोजायच्या. जास्त रेघांची वस्तू हाताजवळ, कमी रेघांची वर. यापेक्षा न्यायाचं राज्य कुठल्या देशात आहे?

लेकीने आईकडे बघितलं, आईने लेकीकडे. या दोघींची एक बिनतारी यंत्रणा आहे. मग लेक म्हणाली की आईचा खांदा आखडला आहे, उजवा हात वर जात नाही, हे लक्षात ठेवा. मी म्हटलं, म्हणूनच तर रेघा. खांद्यावरून भांडण नको, पुराव्यावरून होऊ दे.

पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे. अर्थात या घरात ती किती दिवस टिकेल हे मी लिहून देऊ शकत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तळपायाची आग मस्तकात गेली.

वाचनालयातून सव्वा वाजता आलो. मी रोज साडेदहाला जातो, सव्वाला येतो, हा माझा नेम जुन्या घरीही होता, इथेही आहे. जेवायला बसलो तर हिच्या निळ्या कोटाची उजवी बाही पांढरी. कोट खुर्चीवर टाकलेला. झटकला तर भुकटी उडाली. सुताराने भिंतीत खिळे ठोकताना चुन्याचा धुरळा केला आणि कपडे झाकायची अक्कल चालवली नाही. दुपारी तो उरलेल्या फळ्या लावायला आला तेव्हा मी त्याला दारातच धरला.

तो म्हणाला, "मी तीन दिवसांनी येतोय, आजोबा."

उलट उत्तर. मी म्हटलं, मग हे काय आकाशातून पडलं? ही मध्ये पडली. राहू दे हो, मी धुऊन टाकते, म्हणाली. हिला सगळ्यांची बाजू घेता येते, एक माझी सोडून.

कोट मुळात बाहेर का काढला होता, हे विचारायचं राहिलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जरा बरं वाटलं होतं, तेही टिकलं नाही.

जेवताना ही म्हणाली, "ती मुंगीची कविता शेवटी कशी आहे हो?"

मी हातातला घास ठेवला. त्रेचाळीस वर्षांत हिने मला एखाद्या कवितेबद्दल आपण होऊन विचारल्याचं आठवत नाही. मी खड्या आवाजात म्हणून दाखवली,

दार इवले, दाणा मोठा,
फिरवी, वळवी, मानी न तोटा.

मग मी त्या कडव्याची गंमत सांगू लागलो. 'इवले'चा इकार कसा लहान, 'मोठा'चा ओकार कसा तोंड भरून येतो, आणि आमच्या मास्तरांनी याच ओळीवर एका मुलाला बाकावर कसं उभं केलं. अर्धं झालं असेल. बघतो तर ही ताटं उचलून आत गेलेली. कडवं मिळालं, काम झालं. पालथ्या घड्यावर पाणी. आतून भांड्यांच्या आवाजात तीच ओळ पुटपुटताना ऐकली, चारदा, पाचदा. चाल चुकत होती. मी बसल्या जागेवरून सुधारली. पुटपुटणं थांबलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वाचनमालेचा चौदावा भाग जागेवर नाही.

पलंगाखाली, पेटीत, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात, सगळीकडे बघितलं. हिला विचारलं. "मिळेल," म्हणाली. मिळेल म्हणजे काय? तो काय पायाने चालत येणार आहे? सुतारावर संशय आहे, पण त्याला घरी लहान मुलगा आहे हे आठवून बोललो नाही. वाचणाऱ्या घरात गेला असेल तर एक वेळ माफ करीन. नाही, नाही करणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज कागद नीट तपासला.

माझे दोन सदरे, रोजच्या रेघा. पंचा, रोजच्या. चष्म्याची पेटी, रोजच्या. अंथरुणं, बरोबर. हिचे घरातले दोन जोड तर दाराच्या खुंटीवरच असतात, त्यांचा प्रश्नच नाही. पण 'निळा कोट' यापुढे चार रेघा. 'बुटांची जोडी, तपकिरी' यापुढे चार. 'हातातली पिशवी' यापुढे चार. बारीक, नीटनेटक्या, हिच्या हातच्या.

ही घराबाहेर जाते कुठे? भाजीवाला दारात येतो, दूध दारात येतं, लेक दर रविवारी येते. आम्ही दोघं मिळून शेवटचे कुठे गेलो, तर जुन्या शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नाला. त्याला सहा वर्षं झाली. आणि म्हणे दोन आठवड्यांत चार वेळा कोट.

म्हणजे खोट्या रेघा. मधल्या कप्प्यासाठी. मी आयुष्यभर एक वेलांटी चुकली तर छपाईला निघालेला फर्मा थांबवला, आणि माझ्या घरात, माझ्या कागदावर, बनावट नोंद. तीसुद्धा इतक्या टापटिपीने.

बोललो नाही. बोललो असतो तर फार बोललो असतो.

२ मार्च, रविवार

लेकीसमोर विषय काढला. पुरावा दाखवला. आईच्या तोंडावर काढला, पाठीमागून नाही. ही बटाटे सोलत होती, सोलत राहिली. एवढंच म्हणाली, "मी खोट्या रेघा मारल्या नाहीत."

लेकीने कागद वरून खाली वाचला. मग तिने बोट ठेवलं ते भलत्याच ओळीवर. "बाबा, वाचनमाला, एकतीस भाग. एक रेघ नाही."

मी म्हटलं, पुस्तकांना हा कायदा लागू नाही.

"का?"

का म्हणजे? कविता ही काय चष्म्याची पेटी आहे? ती काढावी लागत नाही, ती आत असते, ती जवळ आहे एवढं पुरतं. लेक म्हणाली, मग जवळ कुठेही असू दे, पेटीत असू दे. दात उपटणाऱ्या माणसाला मूळ म्हणजे काय ते कळत नाही, असं मी तिला ऐकवलं. ती न जेवता गेली. ही तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली आणि बराच वेळ आली नाही.

तीन आठवडे भरले. उद्या निकाल.

३ मार्च, सोमवार

निकाल लावला. संशयित रेघा खोडल्या. उरलेल्या मोजल्या. त्या खोडल्यावर कोट, बूट आणि पिशवी यांची बेरीज शून्य, म्हणून तिन्ही वस्तू सर्वात वरच्या कप्प्यात. सुताराकडून स्टूल आणलं होतं, त्यावर चढून मी स्वतः ठेवल्या. गुडघा दुखला, पण कायदा म्हणजे कायदा. स्टूल परत देऊन आलो.

ही दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, पटलं.

४ मार्च, मंगळवार



वाचनालयात आज छताचं काम निघालं, अकरालाच सगळ्यांना बाहेर काढलं. घरी आलो तर दाराला कुलूप. कुलूप! मी किल्ली कधी बाळगतच नाही. आयुष्यात बाळगली नाही, कारण घरात ही असते. जिन्याच्या पायरीवर बसलो. वरच्या मजल्यावरची बाई जाता-येता दोनदा विचारून गेली, काका, बरं आहे ना. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी काय बोललो असतो देव जाणे. वारा असा सुटला होता की कानशिलं बधिर झाली.

पाऊण वाजता ही आली. घरातल्याच कपड्यांत. पायात घरातल्या सपाता. अंगावर कोट नाही, खांद्यावर माझा पंचा गुंडाळलेला, ओठ निळे पडलेले. काखेत वाचनमालेचा चौदावा भाग. बोटांना पांढरी भुकटी.

मला बघून दचकली नाही. किल्ली काढली, दार उघडलं, पाणी प्यायली, आणि खुर्चीवर बसून सांगितलं. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, म्हणजे उद्या मला ते बदलता येणार नाही.

"मागच्या गल्लीत शाळा आहे. पहिलीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. दर मंगळवारी आणि गुरुवारी अकरा ते साडेबारा मी मुलांना कविता शिकवते. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यापासून."

मी विचारलं, "तू? कविता?"

"हो. मी."

मग माझा तोल गेला. एकतीस पुस्तकं कुणी जुळवली? कुणाच्या बोटांना शिसं लागलं? कुणाला सगळ्या पाठ आहेत? आणि हाकेच्या अंतरावर शाळा आहे, तिथे कविता शिकवायला माणूस हवा आहे, आणि हे मला महिनाभर कळू दिलं नाही. का? का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही आला असता. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर. दुसऱ्या दिवशी माझ्या पुढे. तिसऱ्या दिवशी मी घरी."

मी म्हटलं, हे सगळं तोंडाने नाही तर निदान त्या कागदावर तरी लिहायचं होतंस.

"कागदावरच लिहिलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही खोडलंत."

त्यानंतर ती खोकायला लागली, आणि आत जाऊन निजली. दुपारी चार वाजले तरी उठली नाही. चहा मी केला. साखर कुठे असते ते शोधायला दहा मिनिटं लागली. कुठल्या मूर्खाने ठेवली आहे तिथे, असं मोठ्याने म्हणालो, पण ऐकायला कुणी नव्हतं.

५ मार्च, बुधवार

अंगात ताप आहे तिच्या. लेक आली, औषध देऊन गेली. माझ्याशी बोलली नाही. मी पण बोललो नाही. दोघांनाही एकच नाक आहे आणि त्याच्यावर एकच राग.

दुपारी मी पलंगाशी जाऊन म्हटलं, मधला कप्पा तुला दिला. पुस्तकं काढतो.

तिने डोळे न उघडता मान हलवली. नाही. "तुम्ही दिलेला नको," म्हणाली. "उद्या पुन्हा मोजायला बसाल."

म्हणजे मी द्यायचं आणि हिने नाकारायचं. मला हे समजत नाही. रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. मी चुकलो असेन, चला, मान्य. पण चुकलेल्या माणसाला काहीतरी करायला तरी द्यावं.

६ मार्च, गुरुवार

ताप उतरला नाही. अकरा वाजता तिने उठायचा प्रयत्न केला, परत पडली. मी म्हटलं, शाळेत निरोप देऊन येऊ का? "फक्त निरोप," म्हणाली.

गेलो. बुटकी भिंत, हिरवं फाटक, पहिलीचा वर्ग उजवीकडे. दारातच दहा-बारा पोरं दबा धरून बसलेली. त्यांतली एक पुढचे दात पडलेली मुलगी म्हणाली, "कविताआजी कुठे आहे?"

मी म्हटलं, आजारी आहे. मग ती म्हणाली, तुम्ही कोण?

माझ्या तोंडात एकतीस पुस्तकं होती. फळा रिकामा होता. खडू टेबलावर होता. वर्गाकडे लक्ष ठेवायला बसलेली शिपाईबाई म्हणाली, काका, येतं का तुम्हाला काही, तेवढाच वेळ जाईल पोरांचा.

मी म्हटलं, नाही. मला काही येत नाही.

वाटेत त्या शिपाईबाईचा राग आला, त्या पोरीचा आला, वाऱ्याचा आला. घरी येऊन हिला म्हटलं, दिला निरोप. तिने विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, आणखी काही नाही. कूस बदलून झोपली. या वेळी जरा गाढ.

८ मार्च, शनिवार

वाचनालयातून आलो तर घरात सुतार. माझ्या परवानगीशिवाय. ही शाल गुंडाळून खुर्चीत बसली होती आणि तो तिच्या हुकमाने काम करत होता. मधल्या कप्प्याची फळी चार बोटं खाली घेतली. पुढे स्वतंत्र लहान दार बसवलं, आत दोन खुंट्या, खाली बुटांना जागा. माझी पुस्तकं वरच्या आणि सर्वात खालच्या कप्प्यात, दोन भागांत, पण सगळी.

मी म्हटलं, अरे, मला विचारलंस का?

सुतार म्हणाला, "मावशींनी मापं दिली. बरोबर होती." आणि पेन्सिल कानामागे खोचली. पैसेही तिनेच दिले, स्वतःच्या पिशवीतून.

खरं सांगायचं तर काम चोख झालं आहे. पूर्वीपेक्षा एक वीत जागा जास्त निघाली. ती कशी निघाली ते मी दोनदा मोजूनही मला कळलं नाही. त्याचाही राग आला. कागद मी स्वतः काढून टाकला. डिंक चिवट होता, दाराच्या रंगासकट निघाला.

११ मार्च, मंगळवार

आज वाचनालयात गेलो नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

पावणेअकराला तिने आपलं लहान दार उघडलं. मी पलंगावर बसून वर्तमानपत्र बघत होतो, म्हणजे बघत नव्हतो. आत कोट, बूट, पिशवी, खडूची पेटी, आणि रंगीत कागदांची एक चवड. मुलांनी काढलेली चित्रं असावीत. वरच्यावर मोठ्ठी मुंगी होती, सहाऐवजी आठ पायांची. हात वर न करता तिने सगळं काढलं. कोट चढवला, गुंड्या लावल्या, दार लावून घेतलं. त्या दाराला कुलूप नाही, साधी कडी आहे. "येते," म्हणाली आणि गेली.

अकरा ते पाऊण मी त्या दारासमोर बसून होतो. कडीला हात लावला नाही. त्यात काही मोठेपणा नाही, पण लावला नाही हे लिहून ठेवतो.

ती आली तेव्हा गाल लाल झाले होते, चालण्याचे किंवा कशाचे. मी पाण्याचा पेला पुढे केला. इतक्या दिवसांत एक साधा प्रश्न विचारावा म्हणून विचारलं, "आज कुठली घेतलीस?"

"माझी आवडती," ती म्हणाली.

मी मान हलवली, जणू मला ठाऊकच आहे. ती आत गेली.

जेवण झालं, भांडी झाली, आता दुपारचे तीन वाजले आहेत. मी इथे बसून एकतीस पुस्तकांच्या अनुक्रमणिका मनातल्या मनात पहिल्यापासून चाळल्या. माझी आवडती कुठली, मास्तरांची कुठली, माझ्या धाकट्या भावाची कुठली, छापखान्याच्या मालकाला कुठली ऐकली की खोकला येई, सगळं आठवलं. हिची आठवली नाही. आठवायला आधी कळलेली असावी लागते.

विचारायला दोनदा उठलो. पहिल्यांदा ती लेकीशी फोनवर हसत होती. दुसऱ्यांदा ती मोकळी होती, खिडकीशी बसून कोटाची सैल झालेली गुंडी पक्की करत होती, आणि मीच दारातून परत फिरलो. आता तिसऱ्यांदा उठतो. माझा आवाजच असा झाला आहे की साधा प्रश्न विचारला तरी तो भांडल्यासारखा वाटतो. हळू कसं विचारायचं, ते दारापर्यंतच्या सात पावलांत ठरवावं लागेल.